फोंडा घाटात डिझेल फिल्टरने अडवलं : कोल्हापूर–मालवण–कोल्हापूर

दसरा झाला, पाऊस ओसरला आणि मी, बायको आणि आई असे तिघं मालवणला निघालो. गाडी २०१४ ची डिझेल, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेली. रस्ता नेहमीचाच. रंकाळ्यावरून पुईखडी, हळदी, परिते, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली.

जाताना परित्याच्या पुढे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. फिल्टरचं चित्र आणि त्याखाली थेंब, म्हणजे डिझेलमध्ये पाणी आल्याची खूण. दोन-तीन मिनिटांत विझला, म्हणून मी पुढे गेलो. ती चूक होती. पुढे घाट उतरायचाच असल्याने गाडीनेही काही दाखवलं नाही. मालवणात दोन दिवस छान गेले. आईला तारकर्लीचा समुद्र बघायचा होता, तो पोटभर बघून झाला.

परतताना फोंडाघाट गाव सोडून चढ लागला आणि गाडी ओढेनाशी झाली. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तरी आरपीएम दोन हजाराच्या वर जाईना. तिसऱ्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्येच धक्के खाऊन बंद पडली. मागे ट्रक, मोबाइलला रेंज नाही आणि दिवस कलायला आलेला.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. गारगोटीकडचा होता. त्याने आधी मागच्या चाकांना दगड लावले, मग आईला म्हणाला, "मावशी, तुम्ही खाली उतरून कडंला बसा." बॉनेट उघडून त्याने फिल्टरच्या बुडाची ड्रेनची फिरकी सैल केली आणि खाली पाण्याची रिकामी बाटली धरली. बाटली उजेडात धरून दाखवली तर वर डिझेल, खाली चांगलं फुलपात्रभर गढूळ पाणी. "दादा, आता स्टार्टर मारत बसू नका. आधी हातपंप मारा." फिल्टरवरचा रबरी हातपंप कडक होईपर्यंत दाबला आणि गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू झाली. तीस-चाळीसच्या वेगाने दाजीपूर, राधानगरी करत रात्री घरी पोचलो. पैसे त्याने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी जुना फिल्टर कापून दाखवला. आतला कागद काळाकुट्ट, घड्यांमध्ये चिखल. सपाट रस्त्यावर इंजिनाला डिझेल कमी लागतं, तेवढं चोकअप झालेल्या कागदातूनही जातं. चढाला जास्त लागतं, ते मिळत नाही, रेलमधलं, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलना डिझेल पुरवणाऱ्या नळीतलं, प्रेशर पडतं आणि गाडीचा कॉम्प्युटर ताकद कमी करतो. म्हणून हा दोष गावात कळत नाही, घाटात कळतो. पाण्याचा धोका वेगळा आहे. हाय प्रेशर पंपाला आणि नोजलना वंगण डिझेलचंच असतं. पाणी गेलं की धातूवर धातू घासतो, गंज चढतो. मला फिल्टर आठशे रुपयांना पडला. नोजल गेले असते तर एकेकाला पंधरा-वीस हजार मोजावे लागले असते.

पाणी आलं कुठून? पावसाळाभर मी टाकी पाव भरलेलीच ठेवत होतो. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं टाकीच्या आत पाणी होतं आणि डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसतं. आता पावसाळ्यात अर्ध्याखाली जाऊ देत नाही. पंपावर टँकर नुकताच खाली होत असेल तर तिथे भरत नाही, कारण तळाचा गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात बघा. माझ्या गाडीला ४० हजार लिहिलंय, पण आपल्याकडचा पाऊस बघून मी २० हजारांवर बदलणार आहे. ड्रेन मात्र पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि दिवा लागला की लगेच. नुसतं पाणी काढलं म्हणजे काम झालं असं धरू नका. टाकीत उरलेलं पुन्हा येतं, म्हणून ५०० किलोमीटरनंतर मी परत ड्रेन केलं. तेव्हा चमचाभर निघालंच.

घरी बदलणार असाल तर इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, विडी-सिगारेट जवळ नको. खालच्या रबरी पाइपांवर आणि बेल्टवर फडकं टाका, डिझेलने रबर फुगतं. पाइप काढण्याआधी कुठला कुठे ते मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फिल्टरच्या डब्यावरच्या बाणांप्रमाणेच लावायचे. पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरवरून नव्यावर घ्यावा लागतो, त्याची ओ-रिंग (रबरी कडी) नवीच घाला. नवीन फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतून भरण्याचा मोह टाळा. स्वच्छ, म्हणजे इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूने ओतलेलं डिझेल न गाळता थेट हाय प्रेशर पंपात जातं. हातपंपानेच भरा. हातपंप नसेल आणि टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल, तर बॅटरी जोडून चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी थोडं थांबून. एअर राहिली तर गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. तेव्हाही हाय प्रेशरचे स्टीलचे पाइप सोडवू नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. शेवटी पाच मिनिटं गाडी चालू ठेवून प्रत्येक जोड बोटाने नाही, पुठ्ठ्याने तपासा.

काढलेलं डिझेल गटारीत ओतू नका, पंचगंगेला आधीच कमी त्रास नाही. मी बाटली मिस्त्रींकडेच दिली.

पेट्रोलवाल्यांसाठी थोडक्यात: हल्लीच्या बहुतेक गाड्यांत फिल्टर टाकीतल्या पंपाबरोबरच असतो, तो रस्त्यात उघडायचा नसतो. जुनी गाडी आता इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर चालत असेल तर टाकीतला जुना मळ सुटून फिल्टरवर येऊ शकतो. घाटात अडखळली तर आधी तिकडे बघा.

राधानगरीनंतर घाट उतरेपर्यंत मदतीच्या भरवशावर राहू नका. आता माझ्या डिकीत एक नवीन फिल्टर, दोन क्लिपा, १० चा पाना, रिकामी बाटली, जुनं फडकं आणि चाकांना लावायला लाकडाचे दोन ठोकळे कायम असतात. दिवाळीनंतर करूळ घाटाने उतरायचा बेत आहे, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा ड्रेन करून बघणार.