द हेग: एका लाल चौकोनापाशी अख्खी दुपार

अ‍ॅमस्टरडॅमचे तीन दिवस मस्त गेले, कॅनॉल झाले, सायकली झाल्या, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते द हेगच्या कुन्स्टम्युझियम या कलासंग्रहालयाबद्दल, म्हणजे खरं तर तिथल्या एकाच चित्राबद्दल.

डच चित्रकार पीट माँड्रियानचं १९२१ चं ते चित्र, मोठा लाल चौकोन आणि कडेला पिवळे, निळे, काळे, राखाडी तुकडे. जेमतेम साठ सेंटीमीटरचं असेल. पुस्तकात शंभरदा पाहिलेलं, त्यामुळे समोर जाऊन काय वेगळं दिसणार असं वाटत होतं. पण छपाईत सगळं सपाट होऊन जातं हो! तिथे ब्रशचे फटके दिसतात, रंगाला जाडी आहे, आणि फिका भाग एकसारखा फिका नाहीच, कुठे निळसर झाक, कुठे राखाडी. मग मी हात लांब धरून लाल चौकोन तळव्याने झाकला आणि एक डोळा मिटून बघितलं, तर उरलेलं चित्र लगेच लुळं पडलं. हात काढला, परत उभं राहिलं. कडेचे एवढेसे तुकडे त्या मोठ्या लालला तोलून धरतात हे तेव्हा कळलं. हा खेळ मी कितीदा केला देव जाणे.

राग एकाच गोष्टीचा आला. लोक येतात, फोटो काढतात, वीस सेकंदांत पुढे. रंगाला डोळ्यात मुरायला तरी वेळ द्या ना!

पुढे त्याचंच ‘व्हिक्टरी बूगी वूगी’ हे चित्र आहे, कोपऱ्यावर उभा केलेला चौरस, आधीच्या चित्रातल्या काळ्या रेघा इथे पार गायब, नुसते रंगीत तुकडे नाचतायत. हे अपुरंच राहिलं, फेब्रुवारी १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये माँड्रियान वारला. रंगीत कागदाचे, टेपचे तुकडे अजून तसेच चिकटवलेले दिसतात, म्हणजे एकेका तुकड्याची जागा ठरवणं चालूच होतं. ते बघून मला भरून आलं.

मैत्रीण बोलवायला आली, “चल गं, उशीर होतोय.” मी तिला परत लाल चौकोनापाशी नेलं, म्हटलं तळवा असा समोर धर. तिने धरला, काढला, परत धरला. मग पाच वाजता गार्डने बाहेर काढेपर्यंत आम्ही दोघी तिथेच. बाकीचं म्युझियम राहिलंच.