इतक्या देवांतला खरा देव कोणता?

'तुमच्यात इतके देव, मग खरा कोणता?' हे मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रश्न जुनाच आहे. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३,३०६. 'बरं, पण देव किती?' असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि उत्तर उतरत जातं : ३३, ६, ३, २, दीड आणि शेवटी एक. यातलं एकही उत्तर याज्ञवल्क्य चुकलं म्हणून मागे घेत नाहीत, हे मला फार आवडतं. देव ३३च, बाकीचे त्यांचा महिमा, असं ते सांगतात.

ब्रह्मा निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, शिव संहार करतो, ही मांडणी तुम्हाला ठाऊक असेलच. पण भक्ताचं तेवढ्यावर भागत नाही. शैवाला तिन्ही कामं शिवाचीच वाटतात, वैष्णवाला विष्णूची, शाक्ताला देवीची.

कारण भक्ती नात्यावर चालते. हनुमान रामाचा दास, अर्जुन कृष्णाचा सखा. यशोदेला तोच कृष्ण लेकरू. भागवतात ती त्याच्या मुखात अवघं विश्व पाहते, आणि पुढे लोणी चोरलं म्हणून त्यालाच उखळाला बांधते! जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळायला बसतो. देवापुढे हात जोडावेत तसं त्याच्यावर रुसावं, त्याच्याशी भांडावं, ही मोकळीक मला या परंपरेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. (तत्त्वज्ञानाच्या चर्चांत नेमकी हीच बाजूला पडते.)

नातं म्हटलं की निवड आली. पंचायतन पूजेत शिव, विष्णू, देवी, सूर्य आणि गणपती असे पाचही असतात. ज्याचं जे इष्टदैवत ते मध्ये, उरलेले चार भोवती. दैवत बदललं तर मधली जागा बदलते, बाहेर कुणालाच काढत नाहीत.

मग दुसऱ्याच्या देवाचं काय, असंही विचाराल. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवान म्हणतात, भक्त ज्या रूपाची श्रद्धेनं पूजा करू इच्छितो, त्या रूपावरची त्याची श्रद्धा मीच स्थिर करतो. मी देवीची. तिच्यापाशी लेकीच्या हक्कानं जाते, मागते, रागावते. माझ्यापुरता खरा देव विचाराल, तर तीच.