काही नसण्याचे पैसे

दुपारची वेळ, हाताला काम नाही आणि समोर कुणीतरी भेट दिलेली व्होडकाची बाटली. प्यायचा विचार नव्हता. मला लेबलं वाचायची खोड आहे. औषधाची पट्टी असो की साबणाचं खोकं, अक्षर दिसलं की वाचून काढायचं. या लेबलावर ठळकपणे लिहिलं होतं, ‘पाच वेळा डिस्टिल केलेली’. डिस्टिल करणं म्हणजे ऊर्ध्वपातन: द्रव उकळायचा आणि त्याची वाफ निववून पुन्हा द्रव करायचा. पाचच का, हे एकदा डोक्यात शिरलं आणि दुपार त्यातच गेली.

वाइनवाला आपल्या बाटलीत काय काय आहे ते सांगतो. व्हिस्कीवाला पिंपातली वर्षं मोजून दाखवतो. व्होडकावाला मात्र आपण काय काय काढून टाकलं ते अभिमानाने सांगत असतो. गहू, राय नावाचं धान्य, बटाटा, मका, द्राक्षं, सुरुवात कशापासूनही करा. आंबवलेला द्रव उकळून त्याची वाफ उंच कॉलममधून, म्हणजे उभ्या नळकांड्यातून, चढवत नेली की शेवटी ९५-९६ टक्क्यांचं स्पिरिट हाती येतं आणि त्यात पाणी घालून ते चाळिसाच्या आसपास आणतात. कॉलममध्ये एकावर एक ताटल्या असतात, प्रत्येक ताटलीवर वाफ निवते आणि पुन्हा उकळते. म्हणजे एकाच फेरीत कितीतरी वेळा ऊर्ध्वपातन होऊन जातं. मग या लोकांनी पाच मोजलं ते काय, देव जाणे. अमेरिकेच्या नियमांत तर २०२० सालापर्यंत व्होडकाची व्याख्याच अशी होती की तिला स्वतःचा असा गुण, गंध, चव किंवा रंग नसावा. जिला चवच नसायला हवी तिच्यात बरी-वाईट ठरवायची कशी?

व्होडका म्हटलं की मला आमचे रसायनशास्त्राचे सर आठवतात. सर स्वतः प्यायचे की नाही कोण जाणे, पण त्यांचा एक आवडता खेळ होता. एका मोजपात्रात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल, दुसऱ्यात ५० मिलिलिटर पाणी. दोन्ही एकत्र ओतायचं आणि पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी बोलावून आकडा वाचायला लावायचा. आकडा शंभराचा यायचा नाही. छप्पन्न लोकांनी डोळे बारीक केले तरी सत्त्याण्णवच्या खालीच कुठेतरी. कुणी टेबलाखाली वाकून सांडलंय का ते बघायचं, कुणी काचेला चीर शोधायचं. काच हाताला कोमट लागायची. सर मिशीत हसत उभे. मग सांगायचे की दोघांचे रेणू एकमेकांत इतके दाटीने बसतात की जागा कमी लागते, आणि जोडीला मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हची गोष्ट. मेंडेलीव्हने १८६५ साली अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावरच प्रबंध लिहिला हे खरं. व्होडका चाळीस टक्क्यांची असावी हे त्यानेच ठरवलं, ही पुढची गोष्ट मात्र खोटी. रशियात तो आकडा आधीपासून चालत होता. पण सरांनी ती इतकी रंगवून सांगितली होती की खरं कळल्यावरही मी ती सोडलेली नाही.

हां, व्होडका-व्होडकात फरक असतो. तो अगदी बारीक असतो, एवढंच. रायची व्होडका जिभेला किंचित तिखट लागते, बटाट्याची जाडसर, गव्हाची मऊ. कोळशातून गाळली की उग्रपणा कमी होतो. काही जण चिमूटभर साखर किंवा थोडं ग्लिसरीन घालून धार बोथट करतात. शिवाय बाटलीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, तेव्हा पाणी कुठलं यालाही अर्थ आहे. हे सगळं कळायचं तर व्होडका फ्रीझरमधून काढून पिऊ नये. फ्रीझरमध्ये ती तेलासारखी दाट होते, गंध झोपतो, आणि भिकार बाटलीही खानदानी वाटू लागते. पाहुण्यासमोर बर्फाने पांढरी झालेली बाटली मोठ्या कौतुकाने ठेवणारा यजमान दिसला, की माझ्या मनात उगीचच शंका येते.

आता किमतीचं. सिडनी फ्रँक नावाच्या अमेरिकन माणसाने गेल्या शतकाच्या शेवटी ग्रे गूज नावाची व्होडका बाजारात आणली, ती मुळातच इतरांपेक्षा महाग ठेवून. फ्रान्समध्ये बनवायची, काच दुधी, वर उडते हंस. २००४ साली बकार्डी या दारू कंपनीने तो ब्रँड दोन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सच्या मंडळींनी लेबलं झाकून एकवीस व्होडका चाखल्या, आणि पहिली आली साधी स्मिर्नॉफ. यावर हसता येतं. पण २००८ साली संशोधकांनी एकच वाइन दोन वेगळ्या किमती सांगून लोकांना पाजली, तेव्हा महाग म्हणून दिलेला घोट नुसता जास्त आवडला नाही, मेंदूतला सुखाशी जोडलेला भागही जास्त जागा झाला. म्हणजे जास्तीच्या पैशांतून काहीतरी मिळतं खरं. त्याला फसवणूक म्हणावं की नाही, यावर माझं मत दर आठवड्याला बदलतं.

हा सगळा वाद लेबल असलेल्या बाटल्यांचा. बिनलेबलच्या बाटलीत कधीकधी मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल असतं. ते बहुधा आंबवताना झालेलं नसतं, कुणीतरी कारखान्यातलं आणून मिसळलेलं असतं. रंग नाही, वास इथेनॉलसारखाच, म्हणजे दारूतल्या नेहमीच्या अल्कोहोलसारखा, चवीवरूनही ओळखू येत नाही. यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि आधी डोळे जातात. त्यावर जुना उतारा आहे तो इथेनॉलचाच: यकृत आधी त्याच्याकडे वळतं आणि तेवढ्या वेळात विष शरीराबाहेर काढायला डॉक्टरांना सवड मिळते. रुग्णालयात वेगळं औषध हाताशी नसलं तर साधी दारूही नळीतून पोटात सोडतात. ती किती वेळा डिस्टिल केलेली आहे, हे तेव्हा कुणी वाचत बसत नाही.