कोंबडी कुठली, हे इथे लिहावंच लागतं

स्वित्झर्लंडमध्ये कबाबच्या अगदी छोट्या दुकानातही भिंतीवर एक कागद चिकटवलेला असतो: गोमांस स्वित्झर्लंड, कोंबडी ब्राझील, कोकरू न्यूझीलंड. मालकाच्या हौसेचा हा भाग नव्हे. मांस कुठल्या देशातलं आहे हे ग्राहकाला लेखी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, मग ते महागडं रेस्टॉरंट असो, बर्गरचं दुकान असो की कंपनीचं कँटीन. २०२४ पासून तर पावाचाही देश सांगावा लागतो.

भारतातून आलेल्या पाहुण्यांना याचंच अप्रूप वाटतं. मला त्याहून मोलाची वाटते ती देशाच्या नावापुढे येणारी ओळ. इथे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे पिंजरे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाले. बाहेरून पिंजऱ्यातली अंडी आणायला बंदी नाही, पण ‘स्वित्झर्लंडमध्ये परवानगी नसलेल्या पिंजरा-पद्धतीतून’ असं त्यांवर स्पष्ट लिहावं लागतं. परदेशी गोमांसाच्या बाबतीत जनावराला वाढीसाठी हार्मोन दिलेले असण्याची शक्यता असेल, तर तेही सांगावं लागतं.

१ जुलै २०२५ पासून हा नियम आणखी पुढे गेला. डुकराच्या पिल्लांचं खच्चीकरण, शेपूट छाटणं, गुरांची शिंगं काढणं, कोंबडीची चोच कापणं, यातलं काही भूल न देता केलं असेल तर ते जाहीर करायचं. शिंगांचा नियम दुधालाही लागू आहे. स्वित्झर्लंडमध्ये पिल्लांचं भूल न देता खच्चीकरण २०१० पासून बंद आहे. युरोपीय संघाच्या नियमांत मात्र जन्मानंतरच्या पहिल्या सात दिवसांत ते चालतं. जर्मनीसारख्या काही देशांनी स्वतःहून बंदी घातली आहे. म्हणजे बाहेरून आलेल्या स्वस्त हॅमच्या सँडविचशेजारी आता त्या पिल्लाच्या वेदनेची नोंद येणार. दुकानदारांना तयारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘ब्राझील’ या एका शब्दातून कोंबडी कशी वाढली हे काहीच कळत नाही. शेडमध्ये किती दाटी होती, पक्षी किती झपाट्याने वाढवला, हे तर अजूनही कुठे लिहिलेलं नसतं.

लिहिलं म्हणून लोक खायचं थांबतात का? बहुतेक नाही थांबत. स्विस मांस महाग, आणि घाईच्या जेवणात किंमत आधी बघितली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये कारखानी पशुपालन बंद करण्याच्या प्रस्तावावर देशभर मतदान झालं. आयात मालालाही तेच निकष लावायची त्यात मागणी होती. ६२.९ टक्के लोकांनी तो फेटाळला. सगळ्या कँटनांत, म्हणजे तिथल्या राज्यांत, एकट्या बासेल शहराने होकार दिला. तरीही त्या कागदाला मी निरुपयोगी म्हणणार नाही. तो समोर असला की ‘हे कुठून आणता?’ असं विचारणारा माणूस आगाऊ ठरत नाही, आणि काउंटरवरच्या मुलालाही उत्तर ठाऊक असतं.

पुण्याला आल्यावर एका बर्गरच्या दुकानात मी हाच प्रश्न विचारला. ‘कंपनीकडून येतं, सर,’ एवढंच उत्तर मिळालं. आपल्याकडे पाकिटावरच्या हिरव्या-तपकिरी खुणेबद्दल लोक किती जागरूक आहेत! खूण चुकली तर गहजब होतो. पण तपकिरी खूण फक्त मांसाहारी आहे एवढंच सांगते. पुढचं कुणी विचारत नाही. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे निदान पक्षी डोळ्यांसमोर असतो, आजारी आहे की धडधाकट ते दिसतं. तळलेल्या नगेटमध्ये तेवढंही दिसत नाही. कोंबडी कुठल्या जिल्ह्यातली, पिंजऱ्यातली की मोकळी, तिला अँटिबायोटिक्स कशासाठी दिली, या तीन ओळी मेनूकार्डावर छापायला मोठ्या साखळ्यांना फारसा खर्च नाही. पुरवठादारांच्या नोंदी त्यांच्याकडे असतातच. पुढच्या वेळी काउंटरवर तुम्हीही विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर कंपनीला लेखी कळवा.