बिघडला नव्हता तरी उघडला

नवीन डेस्कटॉप आला, खोक्यातून बाहेर काढला, थर्माकोल बाजूला सारला आणि वायरी जोडून चालू करायचं सोडून मी सरळ स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलो. आई बघत होती. म्हणाली, "बिघडलाय का रे?" म्हटलं, "नाही गं, अजून चालूच केला नाही." "मग उघडतोयस कशाला?" ह्याला काय सांगणार, हात शिवशिवत होते एवढंच. नव्या कपड्याची घडी मोडायच्या आधीच शिवण उसवायला बसावं तसला प्रकार.

पण खरं सांगायचं तर आजवर मी जे काही उघडलं ते बिघडल्यावरच. मिक्सर, टेबलफॅन, रेडिओ, आधीचा कॉम्प्युटर तर किती वेळा. आणि बिघडलेली वस्तू उघडली की आपण पोलिसासारखे आत शिरतो, जळका वास कुठून येतोय, कुठली वायर सुटलीय, आणि एकदा का गुन्हेगार सापडला की बाकीच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. धडधाकट वस्तूत कोणी संशयितच नाही, नुसतं बघत बसायचं. हे सुख मी कधी घेतलंच नव्हतं.

तर, वॉरंटीचं सील कुठे चिकटवलंय का ते आधी सगळीकडून बघून घेतलं (नव्हतं, असतं तर एवढी छाती झाली नसती). मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवली. त्या विजेचा चटका आपल्याला जाणवायला साधारण ३००० व्होल्ट लागतात आणि चिप त्याच्या कितीतरी कमीत मरते, म्हणजे खून होतो आणि खुन्याला पत्ताही नसतो. मागचे दोन स्क्रू हातानेच फिरले, पत्रा सरकवला, आत डोकावलो.

आत रिकामं! म्हणजे वस्तू होत्या, पण एवढ्या मोठ्या खोक्यात निम्म्याहून जास्त नुसती हवा. क्षणभर फसवल्यासारखंच वाटलं. मग पुढचा पंखा आणि मागचा पंखा बघितल्यावर उलगडा झाला की ही रिकामी जागा पण एक पार्टच आहे, पुढून गार हवा आत, प्रोसेसरवरून (सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप) गरम होऊन मागून बाहेर, तिला वाट नको का.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडला नाही, तेवढी अक्कल आहे. भिंतीतून येणाऱ्या विजेचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो आणि प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, बराच वेळ वीज धरून बसलेले असतात. तिथे कुतूहल महागात पडतं. प्रोसेसरवरचा कूलर काढायचाही फार मोह झाला, पण काढला की मधली जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवीन लावावी लागते आणि ती माझ्याकडे नव्हती, त्यामुळे ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडलाय त्याचंच दर्शन राहिलं.

सगळ्यात जास्त हसू आलं ते पॉवरच्या बटणाचं. मला वाटायचं कॉम्प्युटर चालू करणारं बटण म्हणजे काहीतरी भारदस्त असणार. त्याच्या मागून निघतात दोन बारीक वायरी आणि त्या मदरबोर्डच्या (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) कोपऱ्यातल्या दोन पिनांवर बसतात, बस. बटण दाबलं की त्या दोन पिना क्षणभर एकमेकींना भेटतात. तेवढं पुरतं, कारण प्लग लावलेला असेल तर बंद कॉम्प्युटरमध्येही ५ व्होल्टची एक लाइन चालूच असते, आपण फक्त जाग्या माणसाला हाक मारतो.

रॅमच्या, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या, पट्ट्या प्रोसेसरला अगदी खेटून का, असा प्रश्न कधी पडला नव्हता. ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके, आणि एका ठोक्यात प्रकाशसुद्धा फक्त १० सेंटीमीटर पुढे जातो. तांब्यातला सिग्नल त्याहून मंद. म्हणजे रॅम बोर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला असती तर निरोप पोचेपर्यंत किती ठोके फुकट गेले असते! मधल्या तांब्याच्या रेघा बघितल्या तर काही उगाच नागमोडी घेतल्यासारख्या दिसतात. उगाच नाहीत, जी रेघ जवळच्या वाटेने लवकर पोचली असती तिला मुद्दाम वळसे देऊन बाकीच्यांच्या बरोबरीने आणलंय.

आणि ही रॅम, १६ जीबी, म्हणजे १३ हजार कोटींहून जास्त बिट (एक बिट म्हणजे एक ० किंवा १), प्रत्येकाला एक इवलासा कपॅसिटर आणि तो गळका. भरला की गळायला लागतो, म्हणून दर ६४ मिलिसेकंदांनी सगळे वाचून पुन्हा भरावे लागतात. १९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ह्या एक ट्रान्झिस्टर (विजेचा चिमुकला स्विच)-एक कपॅसिटरच्या रचनेचं पेटंट मिळालं, अजून तेच चाललंय. थोडक्यात काय, कॉम्प्युटरची स्मरणशक्ती माझ्यासारखीच, सारखी आठवण करून द्यावी लागते.

हार्ड डिस्क कुठेच दिसेना. शोधली तर च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी (चिपमध्ये माहिती साठवणारी आजची डिस्क), २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, एका चिमुकल्या स्क्रूवर बोर्डालाच आडवी पडलेली. १९५६ च्या आयबीएमच्या डिस्कमध्ये दोन दोन फुटांच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. हिच्यात एक टेराबाइट, म्हणजे साधारण एक लाख कोटी अक्षरं, आणि फिरणारं काहीच नाही. कौतुक आहे, पण बघण्यासारखं मात्र काही उरलं नाही, हे माझं स्पष्ट मत.

शेवटी दिसला बटणासारखा गोल सेल. सीआर२०३२, नावातच माप, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ जाडी. प्लग काढलेला असताना घड्याळ चालू ठेवणारा हाच. त्याच्यासाठी एक क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आकडा विचित्र वाटतो पण १५ वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो. मी तो सेलही काढून हातात घेतला, का ते विचारू नका.

सगळं परत बसवलं, स्विच दाबला, पंखे फिरले आणि स्क्रीन काळी ठिक्कर. पोटात गोळा आला. आईच्या चेहऱ्यावर "तरी मी सांगत होते" स्पष्ट दिसत होतं. पुन्हा प्लग काढला, बघायला काढलेली रॅमची एक पट्टी अर्धवटच बसली होती, दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कट्ट आवाज झाला तेव्हा जिवात जीव आला.

ह्यावेळी स्क्रीन उजळली. तारीख होती एक जानेवारी, आणि साल हा कॉम्प्युटर बनायच्याही आधीचं. माझीच करणी, सेल काढला होता ना. आजची तारीख घातली.

"झालं ना समाधान? लाव आता तो पत्रा," आई म्हणाली. "लावतो," म्हटलं आणि मागच्या पंख्याकडे बघत तसाच बसून राहिलो.