ग्वाल्हेरहून आळंदीला आणि पुढे हरिपाठाबरोबर

माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जाण्याची ओढ ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला वाटावी, याला एक खास कारण आहे. आज हा सोहळा ज्या शिस्तीने चालतो ती घालून देणारे हैबतबाबा मूळचे सातारा जिल्ह्यातील आरफळचे आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. गावाकडे परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटून गुहेत कोंडले, तेथे त्यांनी ज्ञानदेवांच्या अभंगांचा हरिपाठ अखंड चालू ठेवला आणि त्याच वेळी नायकाला पुत्र झाल्याने त्यांची सुटका झाली, असे संप्रदायात सांगतात. पुढे ते आळंदीसच राहिले. आळंदीच्या महाद्वारातील त्यांच्या पायरीवर माथा टेकवताना माझा कंठ दाटून आला.

हरिपाठ मला लहानपणापासून पाठ होता. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील आमच्या घरी तिन्हीसांजेला दिवा लागला की आजी तो म्हणत असे आणि आम्ही नातवंडे टाळ्या वाजवत तिच्यामागून म्हणत असू. वाटेवर मात्र त्याला दिवसाच्या क्रमात स्वतःची जागा आहे: पहाटे काकडा आणि भूपाळ्या, मग गौळणी, दिवसा वाराचे अभंग आणि मुक्काम जवळ येऊ लागला की हरिपाठ. दिवसभराच्या चालण्याने अंग मोडून आल्यावरच तो म्हणायचा असतो, आणि या क्रमामागे मोठे शहाणपण आहे असे मला वाटते, कारण त्या वेळी मनात मिरवण्यासारखे काही उरलेले नसते.

पुणे ते सासवड हा लांबलचक टप्पा, त्यात एकादशीचा उपवास आणि दिवेघाटाची चढण. त्या संध्याकाळी बारावा अभंग आला: 'तीर्थ व्रत नेम भावेंवीण सिद्धी । वायांचि उपाधी करिसी जनां'. तीर्थाला निघालेले, व्रत धरलेले आणि नेमाने चालणारे आम्ही सगळेच टाळ वाजवत मोठ्याने म्हणत होतो की भाव नसेल तर हे सारे व्यर्थ आहे. ज्या साधनाने मनुष्य चालला आहे त्याच साधनाचा अभिमान ज्ञानदेव त्याच्याच तोंडून उतरवतात, आणि तेही रोज, ही त्यांच्या शिकवणीतील सर्वांत कठोर आणि तितकीच मायेची गोष्ट मला वाटते. त्याच अभंगात ते भाव असल्यास हरी तळहातावरच्या आवळ्यासारखा स्वच्छ आकळतो असे आश्वासनही देतात, म्हणून ती कठोरता बोचत नाही.

मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या समाजआरतीत हाच विचार व्यवहारात उतरलेला दिसला. चोपदाराने दंड उंचावताच हजारो टाळ एकदम थांबतात, परंतु एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात आणि तिचे म्हणणे आधी ऐकून घेतले जाते. इतक्या मोठ्या समुदायात दुखावलेल्याकडे दुर्लक्ष होऊ नये, याची ही व्यवस्था मला कोणत्याही प्रवचनाइतकी मोलाची वाटली.

आमच्या दिंडीत पेरणी उरकून आलेले शेतकरी होते, रजा काढून आलेले कारकून होते, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका होत्या. संसार सोडून कोणीही आलेले नव्हते आणि पहिल्याच अभंगात माउली 'असोनि संसारीं' नाम घ्यायला सांगतात. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात त्या सर्वात्मक ईश्वराची पूजा 'स्वकर्मकुसुमांची' करावी असे त्यांनी म्हटले आहे. आपापले काम नीट करणे हीच ती पूजा. पंढरपुरात पोहोचल्यावर माझ्याबरोबर चालणाऱ्या एका मावशींनी चंद्रभागेत स्नान केले आणि गर्दीमुळे कळसाचेच दर्शन घेतले. वारी पुरी झाली, असे त्या अगदी समाधानाने म्हणाल्या. द्वादशीला उपवास सोडून त्या एसटीने गावी निघाल्या, कारण पाऊस झाल्याचा निरोप आला होता आणि शेतात खुरपणी खोळंबली होती.