माळशेज उतरताना मामांनी चावी फिरवली

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ओतूरला मावशीकडे जाऊन आलो. गाडीत मी, मामा आणि मामी. ठाण्याहून सकाळी सहाला निघालो. कापूरबावडी, भिवंडी बायपास, दुर्गाडी पूल, शहाड, आणि रायत्याला उल्हास ओलांडली की पुढे मुरबाडचा रस्ता. सहाला निघालात तर शहाडला अडकायला होत नाही, आठनंतर मात्र तिथला वेळ जास्तीचा धरूनच चला. पेट्रोल, सीएनजी, टायरची हवा हे सगळं मुरबाडलाच उरकून घ्या. सरळगाव, टोकावडे, मग वैशाखऱ्याहून नानाचा अंगठा हा डोंगर दिसला की घाट जवळ आलाच.

चढताना काही अडचण आली नाही. सांगायचंय ते परतीचं.

दुपारी चारला निघालो तेव्हा गाडी मामांच्या हातात होती. मामांनी वागळे इस्टेटमधून 22 वर्षं टेम्पो चालवलाय, त्यांच्या हातावर माझा आजही विश्वास आहे. खुबी फाटा मागे पडला, घाटमाथा संपून उतार लागला आणि मामांनी गाडी न्यूट्रल करून चावी मागे फिरवली. इंजिनचा आवाज थांबला.

"मामा, काय झालं?"

"काही नाही रे. आता खाली मोरोशीपर्यंत उतारच आहे. शंभराच्या वर गेलंय पेट्रोल, कशाला जाळायचं?"

पहिली दोन वळणं गाडी छान घरंगळत गेली. तिसऱ्या वळणावर समोरून एसटी वर येत होती. मामांनी ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. स्टिअरिंगही जड झालं. मामींच्या पायाशी ठेवलेली कांद्याची पिशवी पुढे सरकली आणि मामा सीटवरून अर्धे उठून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले. गाडी मंदावली, पण फार हळूहळू. मी ओरडलो, "चावी, मामा! चावी फिरवा!" त्यांनी चावी मारली, इंजिन सुरू झालं आणि पेडल पुन्हा मऊ झालं. तिसरा, मग दुसरा गिअर टाकून डोंगराच्या बाजूला जागा मिळाली तिथे गाडी उभी केली. एसटीच्या ड्रायव्हरने आपली गाडी आधीच कडेला घेऊन थांबवली होती, म्हणून वाचलो.

खाली उतरलो तर पुढच्या चाकांना जळका वास येत होता. हात जवळ नेला तरी धग लागत होती. मी पाण्याची बाटली काढली, तर मामांनीच अडवलं. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते किंवा तडकते. अर्धा तास तसेच बसलो.

झालं काय, ते नीट समजून घ्या. ब्रेकवर पाय हलका पडतो तो बूस्टरमुळे, आणि त्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिन तयार करतं. पेट्रोल गाडीत ती हवा आत ओढणाऱ्या इनटेकमधून मिळते, डिझेलमध्ये इंजिनवर चालणाऱ्या पंपातून. इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक उरते. त्यानंतर ब्रेक असतो, पण सगळा जोर तुमच्या पायाचा. पॉवर स्टिअरिंगही जातं. इग्निशन बंद असेल तर एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचाही भरवसा नाही. आणि कुणी चावी बाहेरच काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. घाटाच्या वळणावर ते झालं तर काय, हे लिहवत नाही.

आणि एवढं करून वाचतं किती? लहान पेट्रोल गाडी नुसती उभी राहून तासाला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. पाव तासाच्या उताराला फार तर वीस रुपये. तेही न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवलं तर. गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढलात तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा संगणक इंधन पूर्ण तोडतो, कारण तेव्हा चाकंच इंजिनला फिरवत असतात. आरपीएम खूप खाली आला की मगच पुन्हा थोडं सोडतो. पुढच्या उतारावर मी मामांना डॅशबोर्डवरचा मायलेजचा आकडा दाखवला, पाय काढल्याबरोबर तो टोकाला जाऊन भिडला. मामा गप्प झाले. त्यांची सवय इंजेक्शनच्या आधीच्या, कार्ब्युरेटरच्या काळातली, तेव्हा गिअरमध्येही पेट्रोल जायचंच. वीस रुपये वाचवणारा माणूस चुकीचा नव्हे, पण हिशोब आता बदललाय.

मोरोशीला चहाला थांबलो. तिथे वाशी मार्केटला कांदा घेऊन निघालेला एक ट्रकवाला भेटला. तो म्हणाला, "दादा, चढायला जो गिअर लागतो, उतरायलाही तोच." ट्रकचं दुखणं अजून मोठं. हवेचे ब्रेक, आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने अनेक वाहनं ठोकली. तिथेही ब्रेक फेल नव्हे, तर ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये सोडल्याचं तपासात पुढे आलं.

तुम्ही जाणार असाल तर माथ्यावरच गिअर कमी करा, उतार लागल्यावर नको. लहान गाडीला दुसरा किंवा तिसरा पुरतो. ऑटोमॅटिकला एल (लो) किंवा मॅन्युअल मोड. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा आणि सोडा. चढणाऱ्या गाडीला वाट द्या. धुकं असेल तर दिवसाउजेडीच घाट उतरा. स्कूटरवाल्यांनीही स्कूटर बंद करून सोडू नये, बूस्टर नसला तरी ब्रेक तापतातच.

चालत्या गाडीत इंजिन आपोआप बंद पडलं तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. एकदाच दाबा आणि धरून ठेवा. चावी काढू नका, न्यूट्रल करून पुन्हा स्टार्ट मारा. नाहीच झालं तर हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा आणि गाडी दरीकडे नव्हे, डोंगराकडे घ्या.

दुसऱ्या दिवशी कळव्याच्या मेकॅनिककडे चाकं उघडली. पुढच्या ब्रेक पॅडवर काचेसारखी चकाकी आली होती. ब्रेक ऑइल काळं पडलं होतं, तीन वर्षं बदललंच नव्हतं. ते ओलावा शोषत राहतं. डॉट 3 दर्जाच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, ओल मुरल्यावर तीच मर्यादा 140 वर येते. उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पेडल थेट तळाला जातं. दोन्ही पॅड आणि ऑइल बदलून घेतलं. बिल मामांनीच दिलं, मी नको म्हणत असतानाही.